पान क्रमांक ४३

फाइल उघडायची, तेवढं मात्र कबूल करायला हवं. पहिलं पान दिसायचं, त्यावर सोसायटीचा गोल शिक्का आणि खाली बाबांची सही. मग डाव्या बाजूच्या पट्टीत बाकीच्या पानांची छोटी छोटी चित्रं उमटायला लागायची, सीपीयूचा पंखा घरघरायचा, पडदा पांढरा व्हायचा आणि खिडकी मिटून जायची. कधी दहाव्या सेकंदाला, कधी विसाव्या.

बाबा जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. बदलापूर पूर्वेला आमची सोळा फ्लॅटची इमारत आहे. बाबा तिचे बरीच वर्षं सेक्रेटरी होते. बिल्डरनं जमीन सोसायटीच्या नावावर कधी करून दिलीच नाही. ही गोष्ट कल्याणच्या पुढं राहणाऱ्या कुणालाही नवी वाटणार नाही. १९६३ च्या मोफा कायद्यात २००८ साली दुरुस्ती झाली तेव्हापासून अशा सोसायट्यांना बिल्डरशिवायही जिल्हा उपनिबंधकांकडे जाता येतं. त्याला मानीव अभिहस्तांतरण म्हणतात. बोलताना सगळे ‘डीम्ड’ म्हणतात. त्यासाठी कागद लागतात, आणि आमचे सगळे कागद बाबांनी एका पीडीएफमध्ये बांधून ठेवले होते. एकसष्ट पानं.

“तुझे बाबा सगळं कॉम्प्युटरवर ठेवायचे,” चेअरमन काका जिन्यात भेटले की म्हणायचे. “तेवढं काढून दे बेटा, वकील मागतोय.” अर्ज दाखल करायला अकरा दिवस होते.

त्यातही एक पाचर होती. आमच्या करारनाम्यात जमिनीचा हिस्सा नंबर सहा आहे. तळमजल्यावरच्या काकांच्या करारनाम्यात आठ. सोळा फ्लॅटमध्ये सहा लिहिणारे नऊ आणि आठ लिहिणारे सात. सातबारा काढला तर दोन्ही हिस्से खरोखर आहेत आणि मालक वेगवेगळे. इमारत नक्की कुठल्या जमिनीवर उभी आहे हे मंजूर नकाशावरून ठरणार होतं, आणि नकाशा त्या फाइलमध्ये होता.

सुरुवातीला मी तेच केलं जे सगळे करतात. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. व्ह्यूअर काढून परत टाकला. अपडेट केला, मग अपडेट काढला. डावी पट्टी बंद केली, तर बंद पडायला थोडा जास्त वेळ लागला इतकंच. फाइल स्वतःलाच व्हॉट्सअॅप केली आणि फोनवर उघडली. फोन तर याबाबतीत अगदीच कोडगा. कॉम्प्युटर निदान ‘काहीतरी चुकलं’ अशी चौकट दाखवतो. फोनवर अॅप गुपचूप नाहीसं होतं आणि तुम्ही परत होम स्क्रीनवर, जणू काही तुम्ही उघडलंच नव्हतं.

मग फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहिली. हे करून बघण्यासारखं आहे. बहुतेक सगळा गिचमिड कचरा दिसतो, पण पहिल्या ओळीत ही पीडीएफ आहे आणि कुठल्या आवृत्तीची आहे हे सरळ लिहिलेलं असतं, आणि अगदी तळाला ‘फाइल संपली’ अशी खूण असते. ती असेल तर डाउनलोड किंवा कॉपी अर्धवट झालेली नाही. माझ्या फाइलमध्ये होती. त्या खुणेच्या जरा वर एक आकडा असतो, आणि व्ह्यूअर वाचायला सुरुवात तिथून करतो. म्हणजे शेवटून. फाइलमधली कुठली वस्तू कितव्या बाइटवर आहे याची यादी शेवटी जोडलेली असते, आणि तो आकडा त्या यादीचा पत्ता सांगतो. पुढं कुणी फाइलमध्ये दुरुस्ती केली तर जुनं न खोडता नवं खाली जोडता येतं आणि आणखी एक यादी लावता येते. आपल्याकडं सातबाऱ्यावर फेरफार झाला की जुन्या नावाला कंस करतात, नाव तिथंच राहतं. जवळजवळ तसंच.

हे ज्यांनी बसवलं त्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण घोळाचं मूळ त्यांच्या चांगल्या हेतूत आहे. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की या दोघांनी झेरॉक्सची संशोधन प्रयोगशाळा सोडून १९८२ साली अडोबी ही कंपनी काढली. त्यांची पहिली मोठी वस्तू पोस्टस्क्रिप्ट. ती प्रिंटरला पानाचं वर्णन करून सांगणारी प्रोग्रामिंगची भाषा होती. इथून इथपर्यंत रेघ मार, हे अक्षर या मापात इथं ठेव, हे चित्र इथं बसव. १९९१ मध्ये वॉर्नॉकनी एक छोटं टिपण लिहिलं, प्रकल्पाचं नाव कॅमेलॉट. कल्पना अशी की कुठल्याही मशीनवर केलेला कागद दुसऱ्या कुठल्याही मशीनवर हुबेहूब तसाच दिसला पाहिजे, तिथं तो फॉन्ट असो वा नसो. १९९३ च्या जूनमध्ये पीडीएफ बाजारात आलं. तेव्हा वाचायचं सॉफ्टवेअरसुद्धा विकत घ्यावं लागायचं. ते फुकट केल्यावर मग ते पसरलं. २००८ साली पीडीएफ आंतरराष्ट्रीय मानक झालं, आणि आता तुमचा मार्कशीट, भाडेकरार, विमा, ई-आधार सगळं त्यातच येतं.

हुबेहूब दिसण्याची किंमत अशी, की पीडीएफ हा कागद वाटत असला तरी प्रत्येक वेळी उघडताना तो नव्यानं तयार करावा लागतो. आत फॉन्टचे तुकडे असतात, पाच-सहा तऱ्हेनं दाबून बसवलेली चित्रं असतात, फॉर्म असतात, जावास्क्रिप्टसुद्धा असू शकते. व्ह्यूअर या सगळ्या सूचना पाळत पाळत पान काढतो. एखादी सूचना विचित्र निघाली की तो अडखळतो, आणि अडखळतो तिथून चोर आत शिरू शकतो. २०१० च्या ऑगस्टमध्ये आयफोनचं कुलूप उघडणारी एक वेबसाइट निघाली होती. तिच्यावर गेलं की एक पीडीएफ उघडायची आणि त्यातल्या मुद्दाम बिघडवलेल्या फॉन्टमुळे फोन मोकळा व्हायचा. २०२१ मध्ये सापडलेला पेगाससचा एक हल्ला तर आयमेसेजमधून येणाऱ्या पीडीएफचा होता, वर जिफचं नाव लावलेल्या. तो समोरच्यानं उघडायचीही गरज नव्हती. त्यामुळे कुठून आली माहीत नाही अशी पीडीएफ क्रॅश झाली तर ती दहा वेळा उघडून बघू नये, काढून टाकावी. माझी फाइल बाबांची होती, म्हणून मी उघडत राहिले.

चौथ्या दिवशी सीपीयू पिशवीत घालून मी उल्हासनगरला गेले.

बदलापूरचं माणूस कॉम्प्युटर घेऊन उल्हासनगरला का जातं हे बाहेरच्यांना समजावणं कठीण आहे. दुरुस्ती होत नाही असं तिथं कुणी पटकन म्हणत नाही, एवढंच सांगता येईल. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं ठेवली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचं उल्हासनगर झालं. छावणीचे आकडे मात्र तसेच राहिले. आजही पत्ता सांगताना कॅम्प तीन, कॅम्प चार असंच सांगतात. तिथल्या मालावर ‘मेड इन यूएसए’ असायचं आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आमच्या आधीच्या पिढीनं इतका वापरलाय की आता त्यावर तिथलेही हसत नाहीत.

कॅम्प तीनमधल्या त्या दुकानात बाबा २००३ पासून जायचे. पहिला कॉम्प्युटर तिथंच जोडून घेतला होता. दुकानदार अंकल आता सत्तरीला टेकलेत. बाबा गेल्याचं सांगितलं तेव्हा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग चहा सांगितला आणि म्हणाले, “फाइल खराब नहीं है बेटा. खराब असती तर रोज वेगळं नाटक केलं असतं. ही रोज एकच नाटक करते. एखादं पान आहे त्यात, मोठं.”

पान शोधायची त्यांची रीत साधी होती. फाइल तोडणारं एक फुकटचं छोटं सॉफ्टवेअर त्यांनी चालवलं. तोडताना ते पान काढून बघत नाही, वहीचा दोरा सोडून पानं वेगळी करावीत तसं करतं, म्हणून तेही बंद पडत नाही. एक ते तीस उघडलं. एकतीस ते एकसष्ट बंद पडलं. त्याचे परत दोन केले, त्याचे परत दोन. सहाव्या खेपेला पान क्रमांक ४३ हाती आलं. बाकीची साठ पानं शहाण्यासारखी उघडत होती.

एकट्या त्या पानाची फाइल तीन एमबीचीसुद्धा नव्हती. त्याहून मोठे फोटो आपण सकाळी सकाळी सुप्रभात म्हणून पाठवतो. मग इतकं काय होतं त्यात? अंकलनी पानाचे गुणधर्म उघडले आणि स्क्रीन माझ्याकडं वळवला. कागदाचं माप छत्तीस इंच गुणिले अठ्ठेचाळीस इंच. स्कॅन इंचाला सहाशे ठिपके. तो नकाशा होता.

गणित करून पाहा, फोनच्या कॅल्क्युलेटरवर होतं. छत्तीसला सहाशेनं गुणलं की २१,६००. अठ्ठेचाळीसला गुणलं की २८,८००. दोन्हींचा गुणाकार बासष्ट कोटी ठिपके. प्रत्येक ठिपका नुसता काळा की पांढरा एवढंच लक्षात ठेवायचं असेल तर एका बाइटमध्ये आठ ठिपके मावतात आणि सगळं ७८ एमबीत बसतं. पण व्ह्यूअरनं तेच पान रंगीत चित्र समजून उलगडलं तर प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट लागतात, म्हणजे १.८७ जीबी. आमच्या घरचं विंडोज ३२-बिटचं. त्यात एका प्रोग्रामला साधारणपणे दोन जीबीच जागा मिळते, आणि ती सलग रिकामी कधीच नसते. फाइल दाबून ठेवलेली असताना छोटी दिसते, उलगडली की खोलीत मावत नाही. फोन अशा वेळी आणखी कडक असतो, जास्त मेमरी मागणाऱ्या अॅपला तो सरळ मारून टाकतो. म्हणून ते न बोलता मिटणं.

बाबांना हे पान दिसायचं का? दिसत असणार, नाहीतर त्यांनी ते जोडलं नसतं. त्यांचा व्ह्यूअर जुना होता, हलका. तो बहुधा काळ्या-पांढऱ्याला काळं-पांढरंच ठेवत असेल. नवा मी टाकला होता, त्यांच्या मागं, कॉम्प्युटर ‘नीट करायला’ म्हणून.

अंकलच्या ६४-बिटच्या मशीनवर पान उघडलं. निळसर डागांतून आमच्या इमारतीची चौकट दिसली. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी बदलापुरात शिरलं तेव्हा सोसायटीची कागदपत्रं तळमजल्याच्या कपाटात होती. नकाशाचा कागद बाबांनी पंख्याखाली वाळवला आणि कल्याणला नेऊन मोठ्या मशीनवर स्कॅन करून आणला, हे आईनं नंतर सांगितलं. मूळ कागद पुढं कधीतरी बुरशीनं गेला. म्हणजे आता जगात तो नकाशा आमच्यापुरता या एकाच फाइलमध्ये होता. अंकलनी कोपरा मोठा केला. सर्व्हे नंबर वाचता येत होता. हिस्सा नंबर, इंग्रजी आकड्यात, पाण्याच्या डागाखाली. सहाही म्हणता येईल, आठही.

मी गप्प बसलेली बघून अंकलनी दुकानाच्या माळ्यावरून एक वही काढली. त्यांच्या आजोबांची, कराचीच्या दुकानाची खातेवही. सिंधी व्यापारी हिशोबाला वेगळीच लिपी वापरायचे, खुदाबादी वळणाची, वर मात्रा-वेलांट्यांची फार तमा न बाळगता झरझर लिहिलेली. शाळेत अरबी वळणाची सिंधी शिकवायचे. इकडं आल्यावर देवनागरीत लिहावं की अरबीत यावर दोन तट पडले आणि शेवटी दोन्ही चालू राहिल्या. “पापा थोडं वाचायचे,” अंकल म्हणाले. “मी फक्त आकडे ओळखतो. माझा मुलगा, तो तर वही उलटी धरतो.” १९५० च्या कायद्याखाली निर्वासितांनी मागं राहिलेल्या मालमत्तेचे दावे लावले तेव्हा अशाच वह्या, पावत्या, चिठ्ठ्या पुरावा म्हणून पिशवीतून निघाल्या. त्या वाचणारी माणसं तेव्हा होती.

आपल्याकडं मोडीचं तेच झालं. १९५० च्या सुमारास मोडी शाळेतून गेली. आज घरात आजोबांचे मोडी कागद निघाले तर वाचणारा शोधत फिरावं लागतं. मजा म्हणजे मोडी आणि ही खुदाबादी दोन्ही लिप्या युनिकोडमध्ये एकाच दिवशी आल्या, २०१४ च्या जूनमधल्या सातव्या आवृत्तीत. दोन्हींचे प्रस्ताव अंशुमन पांडे यांनी लिहिले होते. म्हणजे आता फोनवर मोडी टाइप करता येते, फॉन्ट असेल तर. अंकलना हे सांगितलं. ते म्हणाले, “टाइप कोण करणार?”

नकाशा पेन ड्राइव्हवर घेऊन निघाले. डोक्यात तो सहा-आठ घोळत होता, म्हणून परतीच्या गाडीतून अंबरनाथला उतरले आणि शिवमंदिरात गेले. देवळात मी एरवी फारशी जात नाही. पण तिथं एका आकड्याची गोष्ट आहे. उत्तरेकडच्या दारावरच्या तुळईवर आतल्या अंगाला एक शिलालेख आहे, त्यात शक दिलाय. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचला शके ७८२, म्हणजे इसवी सन ८६०. पुढं पंडित भगवानलाल इंद्रजींनी तोच लेख परत वाचला आणि म्हणाले, पहिला आकडा सात नाही, नऊ आहे. शके ९८२, इसवी सन १०६०. आज सगळीकडं हेच साल धरतात, शिलाहार राजा मम्वाणीच्या काळातलं. दोघंही थोर अभ्यासक, डोळ्यांसमोर तोच दगड, आणि एका झिजलेल्या आकड्यानं देऊळ दोनशे वर्षं पुढं-मागं. मी दाराखाली मान वर करून उभी राहिले. मला तर सात काय आणि नऊ काय, अक्षरसुद्धा धड दिसलं नाही. वाळधुनीचा वास मात्र आला.

दगडाचं समजू शकतो, पण यंत्रही हा खेळ करतं. २०१३ साली डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाला आढळलं की झेरॉक्सची काही ऑफिसातली मशीनं स्कॅन करताना आकडे बदलतायत, सहाचा आठ करतायत. अस्पष्ट नाही, स्वच्छ, सुबक आठ. कारण चित्र दाबून ठेवण्याची जेबिग-टू नावाची पद्धत. पानावर एकसारखे दिसणारे ठिपक्यांचे पुंजके सापडले की ती एकाचाच छाप सगळीकडं वापरते. बारीक अक्षरात सहा आणि आठ तिला एकसारखे वाटले. घरांच्या नकाशावर त्याला ते पहिल्यांदा दिसलं, खोल्यांची मापं चुकीची आली होती. (वर सांगितलेला पेगाससचा हल्लाही याच जेबिग-टूच्या आडून आला होता. काही नावं पुन्हा पुन्हा भेटतात.)

घरी आल्याबरोबर मी पान ४३ परत नोटपॅडमध्ये उघडलं. चित्र कुठल्या पद्धतीनं दाबलंय याचं नाव त्या कचऱ्यात साध्या अक्षरात असतं. जेबिग असतं तर त्या आकड्यावर कुणीच विश्वास ठेवू नये असं झालं असतं. निघाली जुनी फॅक्सची पद्धत, ऐंशीच्या दशकातली. ती काहीही बदलत नाही, जसा ठिपका तसा ठिपका. म्हणजे स्कॅनरनं जे पाहिलं तेच माझ्यासमोर होतं. डाग कागदाचा होता, पुराचा होता.

मग आई म्हणाली, “तुझ्या बाबांनी त्या वेळेला बिल्डरला पत्रं लिहिली होती. पाच-सहा तरी. त्यात असेल सगळं.”

पत्रं होती. ‘पत्रव्यवहार’ नावाच्या फोल्डरमध्ये एकशे बारा वर्ड फाइली. उघडली पहिली, तर आत इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याच्या खुणा, उद्गारचिन्हं, मध्येच डॉलर. पाच पानं भरून शिव्या दिल्यासारखं. सगळ्या एकशे बारा तशाच.

तुमच्यापैकी जे २००५ नंतर शाळेत गेले त्यांना कदाचित हे ठाऊक नसेल. मराठी आधी इंग्रजीचा मुखवटा घालून कॉम्प्युटरवर राहायची. अधिकृत वाट वेगळी होती. आयआयटी कानपूरला १९८०च्या दशकात भारतीय लिप्यांसाठीचं जिस्ट तंत्रज्ञान उभं राहिलं. पुण्यात सी-डॅक निघाल्यावर ते तिकडं आलं, आणि १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक ठरलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, त्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या मसुद्यावरच बेतलेली. पण डीटीपीच्या दुकानात, निवडणुकीच्या पत्रकांत, लग्नपत्रिकांत आणि बाबांसारख्यांच्या घरी चालायचे ते फॉन्ट. शिवाजी, किरण, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी. यांतल्या बऱ्याच फॉन्टमध्ये युक्ती एकच. कॉम्प्युटरला सांगायचं हे इंग्रजीतलं अमुक अक्षर आहे, आणि फॉन्टमध्ये त्या अक्षराच्या जागी ‘क’चं चित्र काढून ठेवायचं. डोळ्याला मराठी, मशीनला इंग्रजी. आणि प्रत्येक फॉन्टचा ‘क’ वेगळ्या जागी. वर्तमानपत्रांच्या वेबसाइटसुद्धा सुरुवातीला ‘आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्या’ म्हणायच्या.

खरी देवनागरी विंडोज २००० पासून आली, मंगल फॉन्टसह. तो काढला र. कृ. जोशी यांनी, सुलेखनकार, कवी आणि आयआयटी मुंबईतले शिक्षक. पण विंडोज एक्सपीमध्येही जोडाक्षरं नीट दिसायला कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकोनात टिचकी मारावी लागायची, आणि मारली की ते मूळ सीडी मागायचं. उल्हासनगरात जोडलेल्या कॉम्प्युटरबरोबर मूळ सीडी कुणाकडं असायची? बाबा शिवाजीवरच राहिले. २०१२ मध्ये मशीन बदलली, फाइली आल्या, फॉन्ट आला नाही. त्यानंतर त्यांनी जुनी पत्रं उघडून बघितली असतील का, मला माहीत नाही. विचारलं नव्हतं.

आणि युनिकोड आलं म्हणजे सगळं सुरळीत झालं असंही नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत तेलुगूतल्या एका जोडाक्षरामुळे आयफोन गार पडत होते. मेसेजमध्ये ते एक अक्षर आलं की अॅप बंद. अॅपलनं घाईनं अपडेट काढला. तपासणाऱ्यांना दिसलं की बंगाली आणि देवनागरीतही तसले क्रम तयार करता येतात, ‘र’ खाली जोडून मध्ये एक न दिसणारं चिन्ह घातलं की. आपली अक्षरं एकमेकांत अशी गुंततात की ती काढताना यंत्राला अजून घाम फुटतो.

फॉन्ट शेवटी सापडला तो बाबांच्या सीडीच्या पाऊचमध्ये. ‘मराठी + आरती’ असं मार्करनं लिहिलेली सीडी. घरच्या ड्राइव्हनं तीन वेळा बाहेर थुंकली, चौथ्यांदा घेतली. फॉन्ट टाकला, वर्ड बंद करून उघडलं, आणि डॉलरच्या जागी बाबा बोलायला लागले. ‘महोदय, आपणांस यापूर्वी तीन वेळा स्मरण देऊनही.’ आई मागं येऊन उभी राहिली होती. तिनं चष्मा आणला आणि खुर्ची ओढून बसली. त्या रात्री आम्ही एकशे बारा पैकी सत्तर पत्रं वाचली. पाण्याची टाकी, गच्चीची गळती, गणपतीची वर्गणी, एकानं जिन्यात ठेवलेली सायकल. शोधायची सोय नव्हती. ‘नकाशा’ असा शब्द टाकला तर मशीन म्हणायची असा शब्दच नाही, तिच्या लेखी ती सगळी इंग्रजी होती. एकेक उघडून वाचावं लागलं. आईला त्याचं काही वाईट वाटलं नाही.

एकोणपन्नासावं पत्र १९ ऑगस्ट २००५ चं. पुरात मूळ नकाशा भिजला आहे, तरी त्याची दुसरी प्रत द्यावी. आणि खाली, भिजण्याआधी वहीत टिपून ठेवलेलं असणार, बांधकाम परवानगीचा जावक क्रमांक, तारीख, सर्व्हे नंबर आणि ‘हिस्सा क्र. ६ (अक्षरी सहा)’. अक्षरी लिहिण्याची त्यांची सवय होती, बँकेच्या स्लिपसारखी. घरात आम्ही त्यावरून चेष्टा करायचो.

वकिलांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, हा पुरावा नाही, आपणच लिहिलेलं पत्र आहे. पण जावक क्रमांक मिळाला, आता नगरपरिषदेकडं मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत मागता येईल, इतके दिवस कुठली फाइल मागायची तेच कळत नव्हतं. मुदतीआधी अर्ज गेला, प्रत नंतर जोडू असं लिहून. सोबत हिस्सा सहाचा डिजिटल सहीचा सातबारा लावला. १ मे २०१८ पासून ते मिळायला लागलेत, पंधरा रुपयांत. काकांनी तो फोनवर उघडला तर सहीच्या जागी प्रश्नचिन्ह. ते घाबरले. सही खोटी नसते, काकांच्या फोनमधल्या व्ह्यूअरला सही करणाऱ्याची ओळख करून दिलेली नसते. ई-आधारवरही ती तशीच दिसते. घरच्या कॉम्प्युटरवर सहीवर राइट क्लिक करून एकदा ओळख पटवली, प्रश्नचिन्हाची हिरवी खूण झाली. काका म्हणाले, “हे तुझ्या बाबांनी केलं असतं तर मी विचारलंच नसतं.”

पान ४३ चे मी आठ तुकडे केले, प्रत्येक इंचाला दोनशे ठिपक्यांवर उतरवला. आता ते घरच्या मशीनवर आणि फोनवरही उघडतात. मूळ फाइल तशीच ठेवली आहे, तीन ठिकाणी. पत्रं एक कन्व्हर्टर वापरून युनिकोडमध्ये आणतेय, रोज चार-पाच. कन्व्हर्टर रफार चुकवतो आणि पहिली वेलांटी पुढच्या अक्षराला लावतो, म्हणून प्रत्येक पत्र वाचावंच लागतं. सध्या २००९ चा मे चालू आहे. टाकीवरून भांडण आहे.